अननसाच्या वाडग्यावरून खुनी ठरत नाही

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद. कॉलेजच्या अंकासाठी लिहिलेला तुझा लेख रात्रपाळीवरून आल्यावर एका बैठकीत वाचला. जॉनबेने रॅम्सी या सहा वर्षांच्या अमेरिकन मुलीच्या न उलगडलेल्या खुनाचा तुझा अभ्यास दांडगा आहे, तारखा चोख आहेत. पण शेवटच्या पानावर तिच्या भावाचं नाव घेऊन ‘हाच तो’ म्हणून तू मोकळी झालीस, ते मला अजिबात पटलं नाही. फोनवर नीट बोलता येणार नाही, म्हणून लिहिते.

घरच्यांवर संशय घेण्यात वावगं काही नाही. लहान मूल घरातच मारलं गेलं तर पोलीस आधी घरच्यांकडे बघतात, आणि बघायलाच हवं. इथं तर तशी कारणंही होती. २६ डिसेंबर १९९६ च्या पहाटे कोलोरॅडोतल्या बोल्डर शहरातल्या त्यांच्या घरात सापडलेली खंडणीची चिठ्ठी अडीच पानी होती, तीही घरातल्याच वहीच्या कागदावर, घरातल्याच पेनानं लिहिलेली. मागितलेली रक्कम १,१८,००० डॉलर, म्हणजे वडिलांना मिळालेल्या बोनसच्या अगदी जवळची. १९९९ मध्ये ग्रँड ज्युरीनं, म्हणजे खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळानं, आईवडिलांवर आरोप ठेवावेत असं मतही दिलं होतं. मुलीला जिवावर बेतेल अशा परिस्थितीत राहू दिल्याचा आणि गुन्हेगाराला मदत केल्याचा, असे ते आरोप. खटला सिद्ध होईल एवढा पुरावा नाही म्हणून सरकारी वकिलानं सही केली नाही, आणि ही गोष्ट २०१३ पर्यंत बाहेर आलीच नाही. एवढं सगळं तू लिहिलंस, ते योग्यच केलंस.

पण पुढे तू उडी मारतेस ती अननसाच्या वाडग्यावरून. टेबलावर वाडगा होता, त्यावर आईचे आणि भावाचे ठसे होते, मुलीच्या आतड्यात अननस सापडला. इथवर नोंदीतलं आहे. त्यानंतरचं, म्हणजे तिनं फोड उचलली, तो चिडला, हाताला आलेली टॉर्च त्यानं मारली, हे सगळं रचलेलं आहे. ठसा कोणाचा ते सांगता येतं, कधी उमटला ते ठशावरून कळत नाही. आपल्याच घरातल्या भांड्यावर घरच्यांचे ठसे नसते तरच नवल. आणि पचनावरून घड्याळ लावता येतं असं तू गृहीत धरलंस. माणसागणिक आणि प्रसंगागणिक ते इतकं बदलतं की त्यावरून मिनिटांचा हिशेब कोणी मांडू नये.

आईनं त्या पहाटे पोलिसांना केलेल्या आपत्कालीन फोनच्या शेवटी भावाचा आवाज येतो म्हणतेस. ती फीत ऐकवताना पडद्यावर खाली शब्द लिहिलेले असतात ना? ते हातानं झाकून ऐक. मग शब्द माहीत नसलेल्या मैत्रिणीला ऐकव आणि तिला काय ऐकू येतं ते लिहून घे.

आणि ‘वडील फारच शांत होते’ हे वाक्य तर मी तुला कधीच लिहू देणार नाही. आमच्या अतिदक्षता विभागात मूल गेल्याचं सांगितल्यावर एका बापानं मला विचारलं, पार्किंगच्या पावतीवर शिक्का कुठे मिळतो. मी सांगितलं, त्यानं पुन्हा तेच विचारलं. एक आई बाळाचा स्वेटर घडी घालत बसली होती, बाहीला बाही जुळवून, डोळे कोरडे. त्या दोघांचं चित्रीकरण कोणी केलं असतं तर जगानं काय ठरवलं असतं, मला माहीत आहे.

ऑस्ट्रेलियातली लिंडी चेंबरलेन वाच. १९८० मध्ये उलुरू या प्रसिद्ध खडकाजवळच्या तंबूतून तिचं नऊ आठवड्यांचं बाळ डिंगोनं, म्हणजे तिथल्या रानकुत्र्यानं, नेलं. ती टीव्हीवर रडली नाही, लोकांनी तिला कैदाशीण ठरवलं. मोटारीतले डाग रक्ताचे आहेत असं तज्ज्ञांनी कोर्टात सांगितलं आणि १९८२ मध्ये तिला जन्मठेप झाली. ते ‘रक्त’ बहुतांशी गाडीचा आवाज कमी करायला फवारलेलं रसायन निघालं. बाळाचं जॅकेट १९८६ मध्ये डिंगोंच्या वावराच्या जागी सापडलं तेव्हा ती सुटली. मृत्यूच्या दाखल्यावर डिंगोचं नाव यायला मात्र २०१२ उजाडलं.

तुझ्या लेखातला भाऊ तेव्हा नऊ वर्षांचा होता. तो संशयित नाही असं अधिकाऱ्यांनी १९९९ मध्येच जाहीर केलं. तरी २०१६ मध्ये टीव्हीवर त्याच्याकडे बोट दाखवलं गेलं, त्यानं दावा लावला, २०१९ मध्ये तडजोड झाली. या मुलानं नवव्या वर्षी बहीण गमावली आणि तेव्हापासून अनोळखी माणसं त्याच्या हसण्याबोलण्यात खुनी शोधताहेत. त्यात माझ्या मुलीची भर नको. त्याची आई तर २००६ मध्ये कॅन्सरनं गेली, संशय डोक्यावर घेऊनच. कुटुंबाला निर्दोष म्हणणारं सरकारी वकिलांचं पत्र २००८ मध्ये आलं. मुलीच्या कपड्यांवरच्या ज्या डीएनएच्या आधारे ते आलं त्यावरही मतभेद आहेत, हे मला ठाऊक आहे. म्हणून बाहेरून कोणी आलं होतं असंही तू ठामपणे लिहू नकोस.

लिहायचंच तर त्या सकाळचे सात तास लिही. फोन सहाच्या आधी झाला, मुलगी दुपारी एकच्या सुमारास तळघरात सापडली, तीही वडिलांना. पहाटे आलेला पोलीस तळघरातल्या त्याच खोलीच्या दारापर्यंत जाऊन न उघडता परतला होता. मधल्या वेळात घरात मित्रमंडळी वावरत होती, आणि वडिलांनी तिला उचलून वर आणलं. जे कळू शकलं असतं ते कसं हातचं गेलं, हे सगळं तुझ्या टिपणांत आहे आणि लेखात दोन ओळींत उरकलंय. वंशावळीच्या डीएनए पद्धतीनं, म्हणजे नमुना नातेवाइकांच्या डीएनएशी जुळवून माणूस शोधायच्या पद्धतीनं, कॅलिफोर्नियात २०१८ मध्ये कित्येक वर्षं न सापडलेला खुनी पकडला गेला. मुलीचे वडील जॉन रॅम्सी आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि याच तपासणीसाठी अजून मागे लागले आहेत. ती पद्धत कशी चालते, तिला किती नमुना लागतो, हे कोणीतरी मराठीत नीट लिहायला हवं. तू लिहू शकशील.

अंक छापायला जाण्याआधी शेवटचं पान काढ आणि नवा मसुदा मला पाठव. या आठवड्यात मला दिवसपाळी आहे, रात्री वाचून लगेच कळवीन.

तुझी,
आई