सत्कार नको, दिवाळीआधी सक्शन गाडी पाठवा

प्रति,
मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी वसईत प्लंबिंगची कंत्राटं घेतो. हाताखाली अकरा माणसं आहेत. दरवर्षी डिसेंबरात आठवडाभर धंदा बंद ठेवून आम्ही जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर जातो आणि चार-पाच घरांना किंवा एखाद्या शाळेला संडास बांधून देतो. मजुरी आमची, पाइप आणि संडासाची भांडी दुकानदार मित्रांची. या कामासाठी 19 नोव्हेंबरला, जागतिक शौचालय दिनी, माझा सत्कार करायचं घाटतंय आणि पाहुणे म्हणून आपलं नाव ऐकतो. शाल-नारळाबद्दल राग नाही, पण मला तुमच्याकडून दुसरंच काही हवंय.

पाड्यावर आम्ही दोन खड्ड्यांचा संडास बांधतो. विटांचं जाळीदार बांधकाम, मध्ये चेंबर, एका वेळी एकच खड्डा चालू. तो भरला की चेंबरमधली वाट बदलायची. भरलेला खड्डा दीड-दोन वर्षं झाकून ठेवला की मैल्याची माती होते. फावड्यानं काढा आणि वांग्याच्या वाफ्यात घाला. गेल्या वर्षी एका आजीनं ती माती मुठीत घेऊन थेट नाकाला लावली. "ह्याला तर वासच नाय," म्हणाली आणि हसत सुटली.

आमच्या शहरात मात्र वास येईनासा झाला की समजावं, घात झाला. सेप्टिक टँकमधल्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी गॅसचा आधी सडक्या अंड्यासारखा घाण वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. माणसाला वाटतं गॅस गेला, आणि तो आणखी एक पायरी उतरतो. काही जण अजूनही पेटता दिवा सोडून बघतात, विझला नाही तर उतरायचं. विहिरीत ते चालत असेल. टाकीत मिथेनही असतो, तिथे दिवा लावणं म्हणजे भलतीच दिवाळी.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. सात-आठ वर्षांपूर्वी धनत्रयोदशीला एका सोसायटीतून फोन आला, टाकी तुंबली. सक्शन गाडी, म्हणजे पंपानं टाकी उपसणारा टँकर, चार दिवसांनी मिळणार होती. सेक्रेटरी म्हणाले, "लक्ष्मीपूजनाला दारात ही घाण? कुणाला तरी उतरवा, हजार जास्त घ्या." मी हो म्हटलं. माझे निम्मे मिस्त्री ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातले, या धंद्यात त्या जिल्ह्याची माणसं देशभर भेटतील. ती दुर्गापूजेला गावी जातात, ती दिवाळीनंतरच येतात. म्हणून मजूर नाक्यावरून एक पोरगा आणला. तिसऱ्या पायरीवर तो म्हणाला, "सेठ, अब बास नहीं आ रही," आणि त्याचे गुडघे गेले. आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं हट्टानं त्याच्या कमरेला दोर बांधला होता, म्हणून तिघांनी ओढून काढता आला. पोरगा बाहेर येऊन नेमका रांगोळीवर ओकला. ती लगेच धुऊन नवी काढली गेली. दुसऱ्या दिवशी सोसायटीतून मिठाईचा डबा आला.

असं माणूस उतरवायला हातानं मैला उपसण्याविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानं बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे त्या दिवशी मी गुन्हेगारच होतो, आणि हजार जास्त देणारे सेक्रेटरीही माझ्या जोडीला. पोरगा मेला नाही म्हणून कुणी विचारलं नाही.

9 एप्रिल 2024 ला विरारच्या एका गृहसंकुलात सांडपाणी प्रकल्पाच्या टाकीत चार कामगार गुदमरून गेले. त्या दिवशी गुढीपाडवा होता. आम्ही गुढी उभारून श्रीखंडाला बसलो होतो तेव्हा फोन आला. सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. चांगलंच केलं. पण ती मेल्यावरची सोय झाली.

मला हवंय ते आधीचं. कायदा सामाजिक न्याय खात्याचा, गाडी महापालिकेची, कामगार तुमच्या खात्याचा, आणि तिघांच्या मध्ये चेंबरचं झाकण उघडं. नवरात्रापासून भाऊबीजेपर्यंत सक्शन गाड्या दोन पाळ्यांत चालवा. नोंदणीनंतर चोवीस तासांत गाडी गेलीच पाहिजे, कारण नाक्यावरचा पोरगा गाडी वेळेवर येत नाही म्हणूनच उतरतो. टाकी उपसण्यासाठी 14420 हा क्रमांक सरकारनंच दिलाय, पण माझ्या ओळखीच्या एकाही सेक्रेटरीला तो ठाऊक नाही. सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांमार्फत प्रत्येक सोसायटीला सणाआधी एक पानी नोटीस जाऊ द्या: माणूस उतरवला तर गुन्हा, आणि त्याखाली हा नंबर, ठळक. पिण्याच्या पाण्याची बंद टाकीही त्यात धरा, दिवाळीच्या साफसफाईत तीही उघडतात आणि तिथे गॅस नसला तरी प्राणवायू कमी असू शकतो. माझ्यासारख्या छोट्या कंत्राटदाराला टाकीतला गॅस मोजणारा मीटर, हवा सोडणारा ब्लोअर आणि माणूस वर ओढायचा ट्रायपॉड विकत घेणं झेपत नाही. प्रभाग कार्यालयातून भाड्यानं मिळाले तर अनामत भरायला मी तयार आहे.

सत्काराच्या पैशांतून एक मीटर नक्की येईल.

उत्तर घटस्थापनेच्या आत आलं तर बरं. त्यानंतर माझी माणसं गावी जातात आणि फोन सुरू होतात.

आपला,
वसईतला एक प्लंबिंग कंत्राटदार