पिल्लू वाचवलं, पुढं काय झालं?

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात दुचाकीखाली पाय सापडलेलं कुत्र्याचं एक पिल्लू मी आमच्या भागातल्या एका प्राणी बचाव संस्थेत नेऊन दिलं. त्यांनी लगेच ठेवून घेतलं, प्लास्टरही घातलं. नवव्या दिवशी फोन केला तर उत्तर आलं, "ताई, ते पार्वोनं गेलं." पार्वो म्हणजे पिल्लांना होणारा, रक्ताचे जुलाब लावणारा संसर्गजन्य आजार. मोडलेल्या पायाचा आणि त्याचा काय संबंध, हे बघायला म्हणून गेले आणि पुढचे काही महिने दर रविवारी जात राहिले.

पत्र्याची एक लांब शेड. आजच आलेली आणि रक्ताचे जुलाब होणारी पिल्लं एकाच जाळीत. भाताचं पातेलं एक, पाण्याचा मग एक. साफसफाई करणारे मामा एकटेच सकाळी सगळी फरशी फिनेलनं पुसून काढायचे. वास अगदी दवाखान्यासारखा यायचा, पण पार्वोचा विषाणू साध्या फिनेलला दाद देत नाही. त्याला ब्लीच लागतं, आणि मातीत तो महिनोन्‌महिने तग धरतो. लस न टोचलेलं पिल्लू तिथं खाली ठेवलं की संपलंच. नोंदवहीत 'आवक' भरलेली. 'मृत्यू'चा रकाना पानोपानी कोरा.

ही माणसं वाईट नाहीत. रात्री दोनला फोन केला तरी गाडी घेऊन येतात. कुणाला नाही म्हणवत नाही, तिथंच सगळं बिघडतं. गटारातून पिल्लू काढतानाच्या व्हिडिओला देणग्या येतात, ब्लीचिंग पावडरीला कोण देतो? (माझे पहिले पाचशे रुपये असाच एक व्हिडिओ बघून गेले होते.)

पिल्लं विकणाऱ्या दुकानाला २०१८च्या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ब्रीडरसाठी २०१७चे नियम आहेत, नसबंदी केंद्रांसाठी २०२३चे. वाचवलेली जनावरं जन्मभर ठेवणारा निवारा मात्र बहुतेकदा धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीवर चालतो, आणि तिथं हिशेब तपासतात, पिंजरे नाही. तक्रार करावी तर १९६०च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. एवढ्यात चहा-वडापाव येतो.

आता घाई का, तेही सांगते. शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथली भटकी कुत्री नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यांत हलवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिला. ही कुत्री जाणार कुठं? अशाच शेडमध्ये.

जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समित्या कागदावर आहेत. त्यांना दर तीन महिन्यांनी, न कळवता, निवाऱ्यांची तपासणी करायला लावा. नव्या जनावरासाठी वेगळी खोली आणि आल्याबरोबर लस सक्तीची करा. किती जनावरं मावतात तो आकडा फाटकावर लिहायला लावा, आणि तो भरला की संस्थेला नाही म्हणायची मुभा द्या. मृत्यूची वही कुणीही मागितली तर दाखवावी लागेल, असं करा. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून लस मिळाली तर छोट्या संस्थांचा मोठा खर्च वाचेल.

संस्थेचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. ते जाहीर केलं तर उद्या तिथं टाळं लागेल आणि आतली कुत्री रस्त्यावर येतील. तपासणी लावणार असाल तर पत्ता मी स्वतः पुण्यात औंधच्या पशुसंवर्धन आयुक्तालयात आणून देते.

आपली,
एक माजी स्वयंसेविका, पुणे जिल्हा