फळ्यावर गावांची नावं लिहायला लावणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी तुमच्या घरी आणून दिलं असतं, पण तुम्ही ते घडी करून खिशात घातलं असतं आणि ‘कशाला एवढं, ताई’ म्हणून विषय बदलला असता. म्हणून सगळ्यांच्या देखत लिहिते आहे. म्हापशातल्या एका छोट्या खाणावळीसाठी तुम्ही काय केलंत, ते लोकांना कळलं पाहिजे.

जुलैचे दिवस होते. मासेमारी बंदीमुळे ट्रॉलर धक्क्याला लागलेले, बाजारात ताजी मासळी थोडी आणि महाग. अशा दिवसांत आमच्याकडे गर्दी रोडावते. तुम्ही जेवून हात धुताना म्हणालात, ‘उद्या दुपारी तासभर सगळ्यांना बसवा, एका आचाऱ्यावरची डॉक्युमेंटरी दाखवतो.’ दुपारी तीनला आमच्या बायका पाय पसरायच्या बेतात असतात. पहाटेपासून नारळ खवणं, मसाला वाटणं, भांडी यांत कंबर मोडलेली असते. तरी थांबल्या, कारण सांगणारे तुम्ही होता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही लॅपटॉप आमच्या टीव्हीला जोडलात आणि सुरू झाली ‘जेरेमाया टॉवर: द लास्ट मॅग्निफिसंट’. लिडिया टेनाग्लिया यांनी दिग्दर्शित केलेली, २०१६ सालची. निर्मात्यांमध्ये अँथनी बोर्डेन, तो खाण्यावर कार्यक्रम करणारा प्रसिद्ध आचारी. सगळी इंग्रजीत. दर दोन-चार मिनिटांनी तुम्ही ती थांबवायचा आणि काय चाललंय ते आधी मराठीत, मग कोणी कपाळाला आठ्या घातल्या की कोकणीत सांगायचा. मी तुमच्या मागच्या बाकावर होते. तुमचा घसा बसत चालला होता, पण तुम्ही एकही वाक्य गाळलं नाहीत. कंटाळलाही नाहीत.

जेरेमाया टॉवर हा अमेरिकन आचारी, त्याच्या लहानपणीचा भाग आमच्या बायकांना सगळ्यात जास्त लागला. आईबाप श्रीमंत, मुलगा मोठमोठ्या हॉटेलांत आणि जहाजांवर वाढतोय, पण त्याच्याकडे बघायला कोणाला सवड नाही. मग तो मेनूकार्डं वाचत बसतो, खाण्यातच सोबत शोधतो. आमच्या मसाला वाटणाऱ्या मावशी एवढंच म्हणाल्या, ‘आईबाप असून पोर पोरकं.’ पुढचा भाग लावायच्या आधी तुम्ही त्यांना बोलायला वेळ दिलात. हे शिक्षकालाच सुचतं.

हार्वर्डला आर्किटेक्चर शिकलेला हा माणूस १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या ‘शे पनीस’ रेस्टॉरंटमध्ये स्वयंपाकी म्हणून शिरला. अ‍ॅलिस वॉटर्स यांनी ते आदल्याच वर्षी उघडलेलं. सुरुवातीला सगळा भर फ्रेंच पद्धतीच्या जेवणावर. आणि मग ७ ऑक्टोबर १९७६ चं ते जेवण. इथे तुम्ही डॉक्युमेंटरी थांबवलीत आणि खिशातून वही काढलीत. त्या दिवशीचा मेनू तुम्ही शोधून वहीत उतरवून आणला होता, हे मी कधी विसरणार नाही. टोमालेस बेची कालवं. बिग सरच्या ओढ्यातला धुरावलेला ट्राउट मासा. मॉन्टेरे बेची कोळंबी. सोनोमाचं चीज. प्रत्येक पदार्थासोबत तो कुठून आला त्या जागेचं नाव. उत्तर कॅलिफोर्नियात जे पिकतं, पोहतं, तेच ताटात, आणि तेही उजळ माथ्याने लिहिलेलं. अमेरिकेत चांगलं जेवण म्हणजे फ्रेंच जेवण असं मानण्याच्या त्या काळात एका मेनूने केवढी उलथापालथ केली, ते तुम्ही फार सोपं करून सांगितलंत.

वाचून झाल्यावर तुम्ही विचारलंत, ‘आता सांगा, आज आपल्या ताटात काय कुठून आलं?’

सगळ्या आधी गप्प. मग मसाल्याच्या मावशी म्हणाल्या, मिरची हरमलची. दुसरी म्हणाली, मीठ आगरवाड्याचं, आमच्या पेडण्याचं. तिरफळं सत्तरीची, केळी मयड्याची, भेंडा सात शिरांचा, शुक्रवारच्या बाजारातल्या बाईच्या परसातला. तांदूळ? उकडा, रेशनच्या दुकानाशेजारचा, पण घरी सणाला खाजनातलं, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतातलं, कोरगुट. कालवांचं नाव निघाल्यावर तर खाडीकाठच्या दोघींचं भांडणच जुंपलं, कोणाच्या गावची मोठी यावरून. दुपारच्या त्या वेळी आमच्या स्वयंपाकघरात एवढे आवाज मी पहिल्यांदाच ऐकले. हे सगळं त्यांना ठाऊकच होतं, पण कोणी कधी विचारलं नव्हतं. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही खडू घेऊन आलात. आमच्या फळ्यावर वर्षानुवर्षं ‘फिश थाळी, व्हेज थाळी, सोलकढी’ एवढंच असायचं. तुम्ही त्याच्याखाली गावं लिहायला लावलीत, आणि एक अट घातलीत: जे जिथून आलं तेच लिहायचं. ही अट सोपी नाही, सर. गोव्यातली बरीचशी भाजी बेळगावहून ट्रकने येते, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. काही दिवस फळ्यावर बेळगाव, बेळगाव आणि बेळगावच असतं. हरमलची मिरची ब्याडगीपेक्षा महाग पडते, त्यामुळे रोजच्या हुमणात, म्हणजे माशाच्या आमटीत, दोन्ही घालावी लागते आणि फळ्यावरही दोन्ही लिहावी लागते. मला हे खोटं न लिहिणंच मोलाचं वाटतं. गिऱ्हाईक फळा वाचतं, विचारतं, आणि आमच्या वाढणाऱ्या मुलीकडे त्याला द्यायला उत्तर असतं. गेल्या शुक्रवारी बाजारातली भाजीवाली स्वतः येऊन तिच्या गावाचं नाव बघून गेली. पुढच्या खेपेपासून ती भेंडा आमच्यासाठी बाजूला काढून ठेवणार आहे.

टॉवर यांच्याबद्दल एक सांगते. माणूस सगळा पटला असं नाही. तोरा फार. १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘स्टार्स’ उघडलं, उघड्या स्वयंपाकघराचं, बड्या लोकांनी गजबजलेलं. १९८९ च्या भूकंपानंतर धंद्याला ओहोटी लागली, १९९९ मध्ये ते बंद पडलं, आणि हा माणूस मेक्सिकोत निघून गेला. मग सत्तरी ओलांडल्यावर, २०१४ मध्ये, न्यूयॉर्कच्या ‘टॅव्हर्न ऑन द ग्रीन’ची जबाबदारी घेतली आणि काही महिन्यांतच सोडली. तो भाग बघताना मला त्यांचा राग येत होता आणि वाईटही वाटत होतं. पण श्रेयाचं त्यांचं दुखणं मला खरं वाटलं. १९८२ मध्ये अ‍ॅलिस वॉटर्स यांचं ‘शे पनीस’च्या मेनूंचं पुस्तक निघालं, त्यात आपल्या कामाचं माप आपल्या पदरात नीट पडलं नाही, असं त्यांना वाटत राहिलं. कोण किती बरोबर, ते मी ठरवणार नाही. पण चुलीपुढे उभी राहणारी बाई आणि गल्ल्यावर बसणारी मी, यांतलं कोणाचं नाव गावात घेतलं जातं, हे मला माहीत आहे. म्हणून आता फळ्याच्या तळाशी त्या दिवशीचं हुमण कोणी केलं, तोंडाक (कडधान्याची उसळ) कोणी केलं, ते लिहितो. ही कल्पनाही तुमचीच. मावशींनी पहिल्या दिवशी स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं, आडनावासकट, आणि नातवाला फोटो काढायला बोलावलं.

तुम्ही याचे पैसे घेतले नाहीत, जेवणाचे मात्र रोज मोजून देता. त्यावर आपलं भांडण आहेच आणि ते मी सोडणार नाही. काकूंना घेऊन या. चवथीनंतर मासळी खाणारी गर्दी परत सुरू होईल, त्याआधी खतखत्याला, आमच्या मिश्र भाज्यांच्या रश्श्याला, या, तिरफळं मी सत्तरीहून मागवली आहेत.

आणि सगळ्याजणींनी निरोप दिलाय: पुढची डॉक्युमेंटरी एखाद्या आचारी बाईवरची आणा. सोमवारी दुपारी खाणावळ बंद असते, तेव्हा लावा, म्हणजे मध्येच कोणाला उठावं लागणार नाही.

तुमची,
खाणावळवाली ताई
म्हापसा