पंप उतरवण्याआधी टाकी पाहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

लिलावातून आलेल्या लष्करी ट्रकचे विदर्भात आता कोणाला नवल वाटत नाही. जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीतला जुना शक्तिमान असो की त्यानंतरचा स्टॅलियन, कोणी त्यावर पाण्याचा टँकर बसवतो, कोणी जिनिंगपर्यंत कापूस नेतो. पावसाळाभर धुऱ्यावर उभी असलेली गाडी पऱ्हाटी फुटली की बाहेर निघते आणि सुरू झाली नाही की पहिला संशय इंजिनला दाबाने डिझेल देणाऱ्या मायको पंपावर जातो. पंप उतरवून नागपूर नाहीतर अमरावतीला जातो, बिल होते, परत बसवल्यावर गाडी तशीच. दोष बहुतेक वेळा पंपाच्या मागे, डिझेल टाकीकडच्या बाजूला असतो.

अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री थंडावते आणि आतली दमट हवा पत्र्यावर पाणी सोडते. पाणी डिझेलहून जड, म्हणून तळाला बसते. गंज तिथेच धरतो, आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर काळपट चिकट लाळ वाढते. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी स्टार्टर न मारता तळाचा प्लग सैल करा आणि पहिले लिटरभर डिझेल काचेच्या बरणीत घ्या. पंधरा मिनिटांत पाणी खाली वेगळे दिसते. मधल्या रेषेवर लाळ तरंगत असेल तर नुसता फिल्टर बदलून भागत नाही. टाकी उतरवून धुवावीच लागते, आतल्या नळीची जाळीसुद्धा. धुतलेल्या टाकीला वेल्डिंग मात्र गावातल्या गावात करू नका. पत्र्याच्या सांध्यात उरलेल्या डिझेलची वाफ ठिणगीने पेटते आणि टाकी फुटते.

टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र काळ्या मातीच्या धुळीने बुजते. मग गाडी अर्धा तास बरी चालते आणि चढावर दम सोडते. झाकण उघडताना ‘सुस्स’ करून हवा आत शिरली, की कारण सापडले.

खरा फसवा भाग टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून पुढे देणारा छोटा पंप) या नळीचा. या टप्प्यात डिझेल ओढले जाते, ढकलले जात नाही. त्यामुळे तडा गेलेल्या रबरी नळीतून डिझेल गळण्याऐवजी हवा आत जाते. मालक थेंब शोधत बसतो आणि थेंब कुठेच नसतो. सकाळी इंजिन दोन सेकंद चालून बंद पडते, ते यामुळेच. फीड पंपाच्या अगदी आधी हातभर पारदर्शक नळी जोडा. बुडबुडे दिसले तर एकेक सांधा तपासत टाकीकडे सरका. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे ५ लिटरच्या स्वच्छ कॅनमधून फीड पंपाला थेट डिझेल देणे. इंजिन नीट चालले तर पंपाला हात लावायचे कारणच नाही.

जुन्या गाडीतल्या नळ्या आणि सील एकदा सगळेच बदलावेत, असे आमचे मत आहे. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत जास्तीत जास्त १० भाग असते. त्याआधी ५० होते. गंधक काढताना रबर फुगवून ठेवणारे घटकही कमी होतात. वर्षानुवर्षे फुगून घट्ट बसलेले सील मग आकसतात. बँजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर पुन्हा वापरायचेच असतील तर लाल तापवून पाण्यात बुडवावेत, म्हणजे मऊ पडून नीट बसतात.

फिल्टर दोन असतील तर पहिला कापडी किंवा नमद्याचा धुता येतो, कागदी कधीच नाही. डिझेलमध्ये झटकून बसवलेला कागदी फिल्टर आतला कचरा पुढे पंपात ढकलतो. मायको पंपाच्या प्लंजर (दट्ट्या) आणि बॅरलमध्ये (त्याच्या नळकांड्यात) काही मायक्रॉनचीच फट असते आणि त्यांना तेल मिळते ते फक्त डिझेलचे. म्हणूनच रॉकेलची भेसळ स्वस्त पडत नाही. नव्याने घेतलेल्या गाडीचे फिल्टर पहिल्या ५०० किलोमीटरलाच बदलावेत, कारण खडबडीत रस्त्याने टाकीतला गाळ ढवळून वर येतो.

एअर, म्हणजे नळ्यांत शिरलेली हवा, काढताना क्रम चुकवू नये. आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत प्रायमर (हाताने मारायचा पंप) मारा आणि स्क्रू आवळा. मग मायको पंपावरचा. तरीही सुरू झाली नाही, तरच इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलकडचे नट अर्धा आटा सैल करून स्टार्टर मारा, एका वेळी १५ सेकंदांहून जास्त नाही, आणि मध्ये दोन मिनिटे थांबा. प्रायमरची मूठ शेवटी घट्ट करायला अनेकजण विसरतात. मग तिथूनच पुन्हा हवा जाते.

इंजिन ऑइल मोजताना पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नये. ऑइलला डिझेलचा वास येत असेल तर फीड पंप किंवा मायको पंपाचे सील आतून गळते आहे. त्या पातळ ऑइलवर गाडी चालवली तर बेअरिंग जातात. नोझलची फवारणी बोट लावून तर कधीच तपासू नये. तो दाब कातडी भेदून डिझेल आत घालतो. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी दुखायची वाट न पाहता त्याच वेळी मोठा दवाखाना गाठावा आणि डॉक्टरांना डिझेल आत गेल्याचे स्पष्ट सांगावे.

आपले,
डिझेल दुरुस्तीच्या कामातले दोघे वाचक,
जि. यवतमाळ