बांधकाम मंत्र्यांना खुले पत्र : रॅम्पचे बिल देण्याआधी उतार मोजा

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
गोवा सरकार, सचिवालय, पर्वरी.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिव्यांगांचा विषय निघाला की फाईल समाजकल्याणाकडे वळते. हे पत्र मुद्दाम आपल्याला लिहीत आहोत, कारण पायरी समाजकल्याण खाते बांधत नाही. ती आपल्या खात्याच्या नकाशात जन्माला येते आणि मोजमाप पुस्तकात, म्हणजे ज्यावरून कंत्राटदाराचे बिल निघते त्या नोंदवहीत, कायम होते.

सुरुवात रॅम्पपासून करतो, कारण बहुतेक चुका तिथेच आहेत. आपल्याकडचा पाऊस पाहता जोते उंच ठेवावे लागते, त्याला पर्याय नाही. 600 मिमी जोते म्हणजे चार पायऱ्या. 12 ला 1 हा उतार धरला तर तेवढे चढायला 7.2 मीटर लांबीचा रॅम्प लागतो. त्यात वर आणि खाली व्हीलचेअर वळवण्यासाठी दीड-दीड मीटर सपाट जागा धरा. एकूण दहा मीटरच्या वर. प्रत्यक्षात पायऱ्यांच्या कडेला दोन-अडीच मीटरचा तिरका कोबा ओढलेला दिसतो. हा उतार साडेतीन-चारला एक पडतो. त्यावर चढताना व्हीलचेअरची पुढची चाके उचलली जातात आणि खुर्ची मागे कलंडते. उतरताना ती मागून धरणाऱ्यालाही आवरत नाही. असा रॅम्प स्कूटर चढवायला मात्र उत्तम, आणि त्याचा वापरही तसाच होतो.

हे कंत्राटदाराच्या खोडसाळपणामुळे होते असे आम्हाला वाटत नाही. अंदाजपत्रकात ‘रॅम्प’ एकरकमी लिहिलेला असतो. प्लॅनमध्ये एक चौकोन आणि त्यावर बाण. लांबी नाही, उंची नाही, छेद (उभा कापलेला नकाशा) नाही. कामावर गेल्यावर मध्ये सेप्टिक टँक किंवा गडगा येतो आणि जिथे जागा संपते तिथे रॅम्पही संपतो. जागा कमी असेल तर रॅम्प वळवता येतो, फक्त वळणावर दीड मीटरचा सपाट टप्पा हवा. याहून स्वस्त उपाय म्हणजे गेटपासूनच अंगणाचा भराव हलक्या उताराने वर आणणे, म्हणजे दारापाशी चढायची उंचीच कमी राहते. डोंगरउताराच्या जागेत इमारतीची मागची बाजू बऱ्याचदा मजल्याच्या पातळीला असते. तिथे दार द्यावे, पण ते सर्वांसाठी उघडे असावे. स्टोअररूममधून जाणारी, कुलपातली वाट म्हणजे प्रवेशद्वार नव्हे.

पृष्ठभागाचे गोव्यातले गणित वेगळे आहे. पॉलिश केलेला ग्रॅनाइट पहिल्याच सरीत घसरडा होतो. साध्या सिमेंटवर आणि चिऱ्यावर (जांभ्या दगडावर) महिन्या-दीड महिन्यात शेवाळ धरते. फ्लेम्ड (ज्योतीने खरबरीत केलेला) ग्रॅनाइट किंवा चालण्याच्या दिशेला आडव्या खाचा पाडलेले काँक्रीट घ्यावे आणि शक्य तिथे वर छप्पर घालावे. रॅम्पच्या पायथ्याशी पाणी साचते, म्हणून तिथे गटार लागते. पण त्यावरच्या जाळीच्या फटी चालण्याच्या दिशेला आडव्या आणि 12 मिमीपेक्षा अरुंद असाव्यात, नाहीतर व्हीलचेअरचे पुढचे छोटे चाक नेमके त्यात अडकते.

कठडा दोन्ही बाजूंना हवा: वरचा दांडा 900 मिमीवर, त्याखाली दुसरा, दोन्ही टोकांना 300 मिमी पुढे आलेले, आणि भिंत असेल तिथे हाताला 50 मिमी मोकळी जागा. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप काँक्रीटमध्ये जिथे शिरतो तिथेच गंजतो. खाऱ्या हवेत 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीललाही तपकिरी डाग पडतात. किनारी तालुक्यांत 316 ग्रेडच वापरावे. दर जास्त आहे हे मान्य, पण दुसऱ्यांदा बसवलेला कठडा कधी स्वस्त पडलेला नाही.

आता शौचालय. पाटी असते, आत बादल्या आणि झाडू, चावी शिपायाकडे. तो व्यवस्थेचा दोष झाला. बांधकामाचे दोष निराळे आहेत. खोली आतून किमान 2000 बाय 2200 मिमी हवी, म्हणजे दीड मीटर व्यासाचे वळण मिळते. दाराची मोकळी रुंदी 900 मिमी हवी आणि दार बाहेर उघडणारे किंवा सरकते हवे. आत उघडणारे दार लावले की खुर्ची आत गेल्यावर ते बंदच होत नाही. माणूस आत पडला तर ते बाहेरून ढकलताही येत नाही. कमोडची बैठक 450 ते 480 मिमी उंच हवी आणि एका बाजूला खुर्ची लावायला जागा हवी. दोन्ही बाजूंनी भिंत असेल तर खुर्चीतून कमोडवर सरकायचे कसे? बाथरूमचे पाणी बाहेर येऊ नये म्हणून गवंडी दारात हमखास उंबरा घालतो. त्याऐवजी फरशीला आतल्या जाळीकडे ढाळ द्यावा.

धरायच्या दांड्याबद्दल एक इशारा. चिरा सच्छिद्र आणि मऊ असतो. त्यात साधा अँकर बोल्ट मारला तर माणसाचे सगळे वजन येते त्याच क्षणी तो उपटून येतो. बांधकाम करतानाच त्या जागी काँक्रीटचा ठोकळा बसवावा. जुन्या भिंतीत जाळीच्या नळीसह केमिकल अँकर (रासायनिक चिकटद्रव्याने पक्का होणारा बोल्ट) वापरावा आणि दांडा जोर लावून ओढून पाहिल्याशिवाय काम मोजू नये.

अंधांसाठी बसवलेल्या स्पर्शलाद्यांत रेघांची लादी ‘चला’ सांगते आणि ठिपक्यांची ‘थांबा, पुढे काहीतरी आहे’. दोन्हींची अदलाबदल झाली की त्या नसलेल्या बऱ्या. रेघांची रांग थेट विजेच्या खांबावर नेणे तर अक्षम्यच. लिफ्ट नसलेल्या पंचायतीत सचिवांची खोली वरच्या मजल्यावर असेल, तर लिफ्टच्या निविदेची वाट न पाहता निदान दाखले देणारी खिडकी उद्याच खाली आणता येते. फेरीधक्के नदी परिवहन खात्याकडे येतात. भरती-ओहोटीमुळे तिथला उतार तासागणिक बदलतो, तेव्हा त्यावर स्वतंत्रपणे लिहू.

कायद्याची आठवण थोडक्यात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 44 नुसार सुगम्यतेचे नियम न पाळलेल्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. कलम 45 ने जुन्या सार्वजनिक इमारतींना दिलेली पाच वर्षांची मुदत जून 2022 मध्ये संपली. सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रातुरी प्रकरणात हे निकष निव्वळ शिफारशी ठेवणारा, याच कायद्याखालच्या 2017 च्या नियमांतला नियम 15(1) कायद्याविरुद्ध ठरवला आणि केंद्राला बंधनकारक नियम करायला सांगितले. ज्या राज्याने जानेवारी 2023 मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव भरवला, त्याने दिल्लीच्या परिपत्रकाची वाट पाहू नये.

आमची मागणी एका कागदाची आहे. प्रत्येक कामाच्या मोजमाप पुस्तकाला एक पानी तक्ता जोडावा: उताराची उंची व लांबी, सपाट टप्पे, कठड्याची उंची, दाराची मोकळी रुंदी, उंबरा, शौचालयाची आतली मापे. कनिष्ठ अभियंत्याने तो तीनदा भरावा: नकाशा मंजूर होताना, जोते पूर्ण झाल्यावर आणि अंतिम बिलाआधी. जोत्याची वेळ सर्वांत महत्त्वाची, कारण त्यानंतरची दुरुस्ती म्हणजे तोडफोड. शेवटच्या तपासणीला एक व्हीलचेअर वापरणारी आणि एक अंध व्यक्ती मानधन देऊन बोलवावी. त्यांनी गेटपासून कामाच्या खिडकीपर्यंत आणि तिथून शौचालयापर्यंत कोणाच्या मदतीविना जाऊन दाखवावे. मध्ये अडले तर बिल अडावे.

आणि ही तपासणी शक्यतो जुलैत ठेवावी. मे महिन्यात सगळेच रॅम्प पास होतात.

आपले,
गोव्यातील काही स्थापत्य अभियंते, वास्तुरचनाकार आणि व्हीलचेअर वापरणारे नागरिक