मशीनच्या आधीचे तीन महिने

धारूर तालुका, जि. बीड

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

संभाजीनगरच्या प्रशिक्षण केंद्रातून तू फोनवर म्हणालीस, "अण्णा, इथं अजून मशीन दाखवलंच नाही. नाव कसं सांगायचं, कॉम्प्युटर, इंग्रजी, नाहीतर पट्टीनं माप घ्यायला शिकवतात. मी घरी येऊ का?" तेव्हा घरात पाहुणे होते, आजी कान देऊन ऐकत होती. म्हणून पत्र लिहितो एवढंच बोललो.

येऊ नकोस. का ते सविस्तर सांगतो.

तू जन्मायच्या आधी मी संभाजीनगरजवळच्या वाळूजला होतो हे तुला माहीत आहे. 1985 साली तिथं बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधारानं सुटे भाग करणारी लहान-मोठी वर्कशॉपं उभी राहिली. बीड-जालना-परभणीकडची कितीतरी पोरं त्या वाटेनं गेली, तसा मीही गेलो. एका वर्कशॉपात ठेकेदाराच्या हाताखाली हेल्पर. ट्रॉली ओढायची, जॉब म्हणजे घडवायचा सुटा भाग उचलून मशीनजवळ ठेवायचा, झालेला जॉब पुसून क्रेटमध्ये लावायचा, बर म्हणजे कडेला राहिलेली धातूची कूस झाडायची. वर्षं गेली तरी काम तेच. ठेकेदार बदलला की मी पुन्हा नवा. काम येतं हे तोंडानं सांगायचं, दाखवायला कागद एकही नाही. आजोबांनी अंथरूण धरलं तेव्हा गावी आलो आणि मग शेतीतच राहिलो.

त्या काळात आमच्या शिफ्टला उदगीरकडचा एक पोरगा आयटीआय करून अप्रेंटिस म्हणून लागला. माझ्यापेक्षा वयानं लहान. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यानं माझ्या हातात व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, दिलं. आधी जबडे मिटवून शून्याला शून्य जुळतं का बघा म्हणाला. मग जॉब धरायचा, पण दाबायचा नाही. मुख्य पट्टीवर 24 च्या पुढं गेलेलं दिसत होतं. सरकत्या पट्टीवरची सतरावी रेघ वरच्या एका रेघेशी अगदी सरळ आली होती. तिथली एक रेघ म्हणजे 0.02 मिलिमीटर. सतरा गुणिले 0.02, म्हणजे 0.34. माप झालं 24.34 मिलिमीटर. ड्रॉइंगवर 24.30 लिहिलेलं, वर-खाली 0.05 चालेल असं. म्हणजे जॉब पास. ताई, तोच जॉब मी रोज ढिगानं उचलत होतो, आणि त्यातला कोणता पास, कोणता रिजेक्ट, हे दुसऱ्यानं सांगितल्याशिवाय मला कळत नव्हतं. हेल्पर आणि कारागीर यांच्यात फरक कशाचा, तर या मापाचा. अंगात ताकद माझ्यात त्याच्यापेक्षा जास्त होती.

तुला आज जी पट्टी कंटाळवाणी वाटते ती तिथं जाते. पट्टी, मग व्हर्नियर, मग त्याहून बारीक मापाचा मायक्रोमीटर, मग ड्रॉइंग. हे न येता मशीनपुढं उभं केलं तर माणूस फक्त बटण दाबतो आणि वर्षानुवर्षं बटणच दाबत राहतो.

सुरक्षिततेच्या तासालाही तू नाक मुरडलंस. आमच्या वर्कशॉपात एका हेल्परचा हातमोजा ड्रिलमध्ये गुंतला आणि दोन बोटं गेली. फिरत्या मशीनवर हातमोजे घालायचे नसतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. उलट हाताला लागू नये म्हणून त्यानं ते स्वतःच्या पैशानं घेतले होते. तेव्हा ओढणी, मोकळे केस, बांगड्या, हातमोजे यांबद्दल सर जे सांगतील ते वहीत लिही. लाल इमर्जन्सी बटण कुठं आहे हे कोणत्याही नव्या मशीनपाशी गेलीस की आधी बघायचं. इंग्रजी आणि मुलाखतीचं फार मनावर घेऊ नको, ते ऐकून-बोलून येतं.

आता दुसरी गोष्ट. तीच मला जास्त लागली. तू आईला म्हणालीस की राहणं, जेवण, गणवेश सगळं फुकट घेताना मान खाली जाते, आणि गावातले म्हणतात फुकटाच्या शिक्षणाला किंमत नसते.

माय, मान खाली घालण्यासारखं यात काही नाही. दीनदयाल उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना 25 सप्टेंबर 2014 ला सुरू झाली, ती खेड्यातल्या गरीब घरातल्या पोरा-पोरींसाठीच. वय 15 ते 35, बायकांना 45 पर्यंत सवलत. घेतलेल्यांत निदान एक तृतीयांश बायका-मुली असाव्यात, हे त्या योजनेतच लिहिलेलं आहे. म्हणजे तुझी जागा कुणी मेहेरबानीनं दिलेली नाही. योजनेच्या मूळ नियमांत नोकरी लागल्यावरही सुरुवातीचे काही महिने हजार रुपये महिना ठरलेले होते, जिल्ह्यात लागली तर दोन महिने, राज्यात तीन, राज्याबाहेर सहा. पहिला पगार हातात यायच्या आधीच खोलीचं भाडं आणि मेस द्यावी लागते, आणि खेड्यातलं लेकरू नेमकं तिथंच मोडून परत येतं. वाळूजला आलेली आपल्याकडची कितीतरी पोरं पहिला महिना काढू शकली नाहीत म्हणून माघारी गेलेली मी पाहिली आहेत. त्यांना काम येत नव्हतं असं नाही.

शहरातल्या पोराचा बाप क्लासची फी भरतो, पोरगा घरचं जेवतो, घरातून कामाला जातो. ती मदत कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. आपल्याकडं कोरडवाहू चार एकर, त्यात सोयाबीनला भाव नाही. तुला ती मदत सरकारकडून मिळते एवढंच. ती पुरेपूर घे. बूट दिले तर घाल, पुस्तक दिलं तर वाच, न समजलेलं दुसऱ्यांदा विचार, तिसऱ्यांदाही विचार. आईच्या बचत गटाचं काम बघणाऱ्या सीआरपी ताईंनी घरी येऊन ही योजना सांगितली नसती तर आपल्याला कळलंही नसतं, हे मात्र लक्षात ठेव. तुझ्या मैत्रिणींपैकी कुणाला यायचं असेल तर तिला तू सांग.

हे तीन महिने झाले की तुला वाळूज किंवा शेंद्र्याच्या एखाद्या कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून घेतील असं तुमचे सर म्हणाले. तिथं गेल्यावर काय बघायचं ते आत्ताच सांगतो.

शिकाऊ उमेदवारीचा कायदा 1961 चा आहे. त्यात तू कामगार नसतेस, प्रशिक्षणार्थी असतेस. म्हणून पगार म्हणत नाहीत, विद्यावेतन म्हणतात. 2019 साली नियम बदलले तेव्हा दहावी झालेल्याला महिना किमान 6000 आणि बारावी झालेल्याला 7000 ठरले, दुसऱ्या वर्षी त्यात दहा टक्के वाढ. 2016 पासूनच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत त्यातला पाव हिस्सा, जास्तीत जास्त 1500 रुपये, केंद्र सरकार देतं. तू बारावी झालेली आहेस. कुणी दहावीचा आकडा सांगितला तर गुणपत्रिका पुढं कर.

मला मात्र आकड्यापेक्षा कागद महत्त्वाचा वाटतो. उमेदवारीच्या करारावर तुझं नाव, ट्रेडचं म्हणजे शिकायच्या कामाचं नाव, सुरुवातीची आणि शेवटची तारीख वाचून मगच सही कर. कोऱ्या कागदावर सही नाही, म्हणजे नाही. हा करार सरकारी पोर्टलवर नोंदवलेला असतो. नोंद झाली का ते विचार आणि नंबर वहीत उतरवून घे. ठेकेदाराच्या वहीत नाव लिहून "तू अप्रेंटिसच आहेस" असं म्हणणारे भेटतील, त्यांच्याकडं जायचं नाही. मूळ गुणपत्रिका आणि जातीचा दाखला कुणाकडं ठेवायला द्यायचा नाही, दाखवायचा आणि परत घ्यायचा. विद्यावेतन तुझ्याच खात्यावर आलं पाहिजे, दुसऱ्या कुणाच्या खात्यावरून फिरून नाही. काम करताना दुखापत झाली तर भरपाई द्यायची जबाबदारी कायद्यानं मालकावर आहे, शिकाऊ असलीस तरी.

आणि दोन महिने नुसती झाडलोट करायला लावली तर गप्प बसू नको. आधी सुपरवायझरला सांग, मग तुमच्या केंद्रातल्या सरांना. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकाऊ उमेदवारीचं बीटीआरआय केंद्र असतं, शेवटी तिथं अर्ज कर. तुला ट्रेड शिकवायला घेतलेलं आहे, ते शिकवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. एक खरं तेही सांगून ठेवतो. उमेदवारी संपल्यावर तिथंच नोकरी देण्याचं बंधन मालकावर नाही, करारात तसं लिहिलेलं असेल तरच. म्हणून शेवटची परीक्षा देऊन प्रमाणपत्र हातात घेतल्याशिवाय जागा सोडू नको, कुणी मध्येच पाचशे रुपये जास्त देतो म्हणाला तरी. ते प्रमाणपत्र घेऊन तू चिखलठाण्यात जा, जालन्यात जा, पुण्यात जा, चालतं.

तुझ्या लग्नाचं विचारायला पाहुणे आले होते, ते तुला कळलंच असेल. मुलगा ऊसतोडीला जातो, यंदा मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घ्यायची आहे. जोडपं असलं की एक पूर्ण कोयता धरतात, एकट्या गड्याला अर्धा कोयता म्हणतात, उचलही निम्मी. म्हणून दिवाळीच्या आधी आपल्याकडं सोयरिकींची घाई होते. त्या पोराचा दोष नाही. पण माझ्या लेकीला उचलीच्या हिशोबात मी धरू देणार नाही. मी स्पष्ट नाही म्हणालो. तुझ्या आईनं माझ्याही आधी सांगितलं. आजी दोन दिवस बोलली नाही, आता बोलते. तू त्याचा विचार करायचा नाहीस.

चुलत्याची टोळी परवा गेली. चुलतीनं धाकट्याला आपल्याकडं ठेवलं आहे, शाळा बुडू नये म्हणून. तो तुझ्या जुन्या दप्तरात वह्या भरून जातो आणि संध्याकाळी ताई मशीन कधी चालवणार म्हणून विचारतो.

सोयाबीनची रास झाली, हरभरा पेरला. शेजारचे मास्तर शनिवारी संभाजीनगरला येणार आहेत, त्यांच्याजवळ धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि तुझा स्वेटर देतो आहे. पिशवीच्या तळाशी प्लास्टिकमध्ये उत्पन्नाचा दाखला आहे, त्याच्या दोन झेरॉक्स काढून एक केंद्रात दे. बँकेचं खातं आधारला जोडलं की नाही ते याच आठवड्यात बघ. नसेल तर मला फोन कर, मी इथल्या शाखेत जाऊन विचारतो.

व्हर्नियर शिकवला की माप कसं घेतलं ते मला लिहून पाठव. एखादं खरं माप लिही, जॉब कोणता तेही.

तुझे,
अण्णा