न रडणाऱ्यांचे नैराश्य

‘नैराश्य आणि स्त्रिया’ हा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. स्त्रियांवरील दुहेरी ओझ्याबद्दलचे विवेचन पटले. पण पुरुषांना हा आजार मुळातच कमी होतो, हा निष्कर्ष घाईचा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते स्त्रियांमध्ये नैराश्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आहे, हे खरे. मात्र जगभरात पुरुषांचा आत्महत्येचा दर स्त्रियांच्या दुपटीहून अधिक आहे, हेही तीच संघटना सांगते. (प्रत्येक आत्महत्येमागे नैराश्यच असते असे नाही, हे मान्य.)

गफलत मोजपट्टीत असावी. नैराश्य तपासण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘पीएचक्यू-९’ या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत उदासी, झोप, भूक, थकवा यांची चौकशी होते; चिडचिड, संताप किंवा दारू यांवर ९ पैकी एकही प्रश्न नाही. ‘पुरुषासारखा पुरुष आणि रडतोस काय?’ हे ऐकत वाढलेला माणूस ‘उदास वाटते’ या रकान्यात खूण करील कशाला? तो घरच्यांवर खेकसतो, बाटली जवळ करतो आणि ‘स्वभावच तापट’ म्हणून सोडून दिला जातो. डॉक्टरांनी तपासताना राग आणि व्यसन यांविषयीही विचारावे, शक्य तेथे घरच्यांशीही बोलावे.